विनोदी गुप्तहेराच्या लेखकांनो, तिजोरीला दोन किल्ल्या असतात!

प्रति,
मराठी वाहिन्यांसाठी विनोदी गुप्तहेर मालिका लिहिणारे, दिग्दर्शित करणारे आणि नेपथ्य सांभाळणारे सर्वजण

विषय: बँक लुटीच्या भागात होणाऱ्या चुका, आणि त्या सुधारल्या तर फुकटात मिळणारे विनोद

सप्रेम नमस्कार.

आम्ही मराठवाड्यातल्या बँक शाखांत कॅश, तिजोरी आणि सोनेतारण सांभाळलेली माणसं. सोबत पंचनामे लिहून हात दुखलेले काही निवृत्त पोलीस आहेत. गुप्तहेर केळ्याच्या सालीवर घसरला, भिंग उलटं धरून बसला, त्याच्या सहायकाला दर प्रसंगी भूक लागली, तरी आमची काही हरकत नाही. दूरदर्शनवर १९८५ साली गाजर चघळत गुन्हे सोडवणारा गुप्तहेर आम्हीही आवडीनं पाहिला. हरकत आहे ती तिजोरीबद्दल. गुप्तहेर हवा तेवढा वेडा असू द्या, पण बँक खरी ठेवा. बँक खोटी झाली की त्याचे तर्कही खोटे होतात, मग हसायला उरतं काय, तर फक्त पार्श्वसंगीत.

आधी एक गोष्ट बाजूला ठेवू. बँक लुटली म्हटलं की आमच्याकडच्या जुन्या माणसांना उमरी आठवते. जानेवारी १९४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली, ती लढ्याच्या खर्चासाठी. तो प्रसंग विनोदी मालिकेचा नव्हे. तुमचा भाग मराठवाड्यात घडत असेल तर गावाचं नाव दुसरं घ्या, एवढीच विनंती.

आता किल्ल्या. तुमच्या मॅनेजरच्या कमरेला जुडगा असतो आणि तो एका झटक्यात तिजोरी उघडतो. खऱ्या शाखेत स्ट्राँगरूमचा दरवाजा एकट्याला उघडताच येत नाही. एक किल्ली हेड कॅशिअरकडे, दुसरी मॅनेजरकडे किंवा एखाद्या अधिकाऱ्याकडे. दोघांनी सोबत उभं राहिल्याशिवाय दरवाजा हलत नाही. आतल्या रोकड तिजोरीलाही तोच नियम. याला जॉइंट कस्टडी म्हणतात. दोन्ही किल्ल्यांच्या डुप्लिकेट सीलबंद पाकिटात दुसऱ्या शाखेत ठेवलेल्या असतात. रजेवर जाताना किल्ली सोपवायची तर रजिस्टरमध्ये तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या लागतात.

हे कुठे बिघडतं? लग्नसराईत. कॅशिअरला सकाळी पाहुण्यांकडे हळदीला जायचं असतं, म्हणून तो किल्ली दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये टाकून जातो आणि रजिस्टरमधली सही सोमवारी करू म्हणतो. झालं, दोन्ही किल्ल्या एका टेबलात. तेव्हा कुलूप शाबूत आणि तिजोरी रिकामी असेल, तर तुमच्या गुप्तहेरानं गावभर पावलांचे ठसे शोधत फिरू नये. त्याला फक्त चार किल्ल्यांचा माग काढायचा आहे: दोन वापरातल्या, दोन सीलबंद. चारही जण शपथेवर सांगणार की किल्ली माझ्यापाशीच होती. एकाची करगोट्याला, एकाची देवघरात बाळकृष्णाच्या पाटाखाली, एकाची पिठाच्या डब्यात. यात विनोद घुसडावा लागत नाही, आणि पुरावाही इथेच सापडतो: रजिस्टरमधल्या सहीची शाई आणि तिच्या वर-खालच्या नोंदींची शाई जुळते का?

पैशांचं गणित तर सगळ्याच मालिका चुकवतात. चोर शाळेच्या दप्तरात एक कोटी भरतो आणि भिंतीवरून उडी मारतो. १०० नोटांची एक गड्डी, १० गड्ड्यांचं एक बंडल. पाचशेच्या नोटांत एक कोटी म्हणजे २०,००० नोटा, २०० गड्ड्या. नोट साधारण एक ग्रॅमची धरली तरी वजन वीस किलो भरतं. हेच एक कोटी शंभराच्या नोटांत असतील तर एक लाख नोटा होतात. मग चोराला दप्तर पुरत नाही, दोन पोती आणि एक हमाल लागतो. क्विंटलभर माल आहे तो.

शिवाय तालुक्याच्या शाखेत रोज एक कोटी पडून नसतात. शाखेला रोकड ठेवण्याची मर्यादा ठरवून दिलेली असते आणि जास्तीची रक्कम करन्सी चेस्टला, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वतीनं नोटांचा साठा सांभाळणाऱ्या शाखेला, पाठवावी लागते. रोकड फुगते ती ठरावीक दिवसांत: महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार-पेन्शनसाठी, सोयाबीन-कापसाच्या हंगामात, पीकविम्याचे पैसे खात्यात पडल्यावर. त्यात १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. दुसऱ्या शनिवारच्या आदल्या रात्री, म्हणजे शुक्रवारी, कोणी आत शिरलं तर बोंब होते थेट सोमवारी सकाळी. मधले दोन दिवस चोराच्या खिशात. तुमच्या कथेत लूट मंगळवारी होते आणि बुधवारी सकाळी गुप्तहेर हजर असतो. शुक्रवारची रात्र घ्या. मग गुप्तहेराला एक चांगला प्रश्न मिळतो: या शुक्रवारी रोकड मर्यादेपेक्षा जास्त होती, हे कोणाकोणाला माहीत होतं?

रोज संध्याकाळी कॅश बंद करताना कोणत्या किमतीच्या किती नोटा, याचा तक्ता लिहिला जातो आणि त्यावर दोन्ही कस्टोडियनच्या, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या दोघांच्या, सह्या होतात. पटकथेत असा तक्ता आम्हाला आजवर एकदाही दिसला नाही, आणि तपासात त्याच्याइतका बोलका कागद दुसरा नाही. धरून चाला की शुक्रवारी शिल्लक ४२ लाख होती. पाचशेच्या ७,००० नोटा म्हणजे ३५ लाख. दोनशेच्या १,५०० म्हणजे तीन लाख. शंभराच्या ३,००० म्हणजे आणखी तीन लाख. पन्नासच्या १,००० नोटांचे ५० हजार, वीसच्या १,५०० नोटांचे ३० हजार, दहाच्या २,००० नोटांचे २० हजार. एकूण १६,००० नोटा, १६० गड्ड्या. आता विचार करा, रात्री घाम पुसत घाई करणारा चोर काय उचलेल? पाचशेच्या ७० गड्ड्या. जमलं तर दोनशेच्या १५. दहाच्या २० गड्ड्यांसाठी तो कशाला थांबेल? थांबला तर त्याला मिळतात २० हजार रुपये, आणि ओझं वाढतं दोन किलोंनी.

म्हणून तिजोरीतून मळक्या नोटांच्या गड्ड्यांसकट, दहाच्या शेवटच्या नोटेपर्यंत सगळं गेलं असेल, आणि शेजारच्या कपाटातल्या सोन्याच्या पाकिटांना कुणी हातही लावला नसेल, तर आमच्यातल्या कोणत्याही कॅशिअरच्या भुवया वर जातील. बाहेरच्या चोराला सोनं सोडवत नाही. आतल्या माणसाला मात्र जुनी तूट लपवायची असते, आणि सगळी रोकड गेली असं दिसल्याशिवाय ती लपत नाही. याला कोर्टात पुरावा म्हणता येणार नाही, पण शिंकता शिंकता गुप्तहेरानं हा तक्ता वाचून दाखवावा असा हा प्रसंग आहे. पैशांनी भरलेल्या खोलीत दहाच्या नोटांची चिंता करणारा माणूस सगळ्यांना येडा वाटेल, आणि तोच बरोबर असेल.

नोटांचे नंबर हा दुसरा गैरसमज. "सगळे नंबर कॉम्प्युटरमध्ये आहेत" असं तुमचा मॅनेजर छातीठोकपणे सांगतो. ग्राहकांनी भरलेल्या वापरलेल्या नोटांचे नंबर शाखा टिपून ठेवत नाही. सलग नंबर सापडण्याची आशा असते ती फक्त कोऱ्या नोटांच्या गड्ड्यांत. माग लागतो तो नोटेपेक्षा कागदी पट्टीवरून. रिझर्व्ह बँकेनं २००१ साली गड्ड्यांना पिना मारणं बंद करायला लावलं, तेव्हापासून गड्डीला कागदी पट्टी असते आणि तिच्यावर शाखेचा शिक्का, तारीख, मोजणाऱ्याची सही. चोर पैसे वाटून घेताना पट्ट्या फाडून टाकतात, उसाच्या फडात, विहिरीवर, ढाब्याच्या मागे. गुप्तहेराच्या चपलेला चिकटून आलेली एक पट्टी अख्खा भाग पुढे नेऊ शकते. आणि कृपा करून दोन हजारांच्या गुलाबी नोटा आता नेपथ्यातून काढा. १९ मे २०२३ रोजी त्या चलनातून मागे घेण्याचं जाहीर झालं. आजच्या कथेतला चोर त्या घेऊन निघाला तर त्याच्यावर दया करावी लागेल.

सोनेतारणाकडे तुमचं लक्षच जात नाही, आणि आमच्या भागात शाखेतला जड ऐवज बहुधा तोच. पेरणीच्या तोंडावर पाटल्या, एकदाणी, बोरमाळ बँकेत येतात. सोनार कसोटीवर घासून पाहतो, ढोबळ वजन आणि निव्वळ वजन वेगळं लिहितो, पाकीट सील होतं, वर कर्जखात्याचा क्रमांक पडतो. त्यामुळे सोनं गेलं तर काय गेलं हे वजनासकट सांगता येतं. लॉकरचं अगदी उलटं आहे. आत काय ठेवलंय हे बँकेला माहीतच नसतं. ग्राहक सांगेल ते फिर्यादीत येतं. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांत चोरी-दरोड्यासाठी बँकेची भरपाई लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत ठरलेली आहे. भाडं दोन हजार असेल तर मर्यादा दोन लाख. आता लॉकरमध्ये खरं तर लोणच्याची कृती आणि जुन्या पत्रांचा गठ्ठा ठेवलेल्या काकू चाळीस तोळे गेल्याचं सांगतात, असा एक प्रसंग लिहा. गुप्तहेरानं त्यांना विचारावं, चाळीस तोळ्यांची एक तरी पावती, एक तरी लग्नातला फोटो?

कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. चित्रण साठतं डीव्हीआरमध्ये, आणि जाणते चोर जाताना तोच डबा उचलतात. पण रॅकमध्ये राऊटर, स्विच, यूपीएस असे चार-पाच एकसारखे डबे असतात. घाईत इंटरनेटचा डबा नेणारा चोर अजिबात अतिशयोक्तीचा नाही. डीव्हीआर राहिला तरी त्याचं घड्याळ बरोबर असेलच असं नाही. आतली छोटी बॅटरी संपली की वेळ सरकते. म्हणून जप्तीच्या वेळी डीव्हीआरची वेळ आणि खरी वेळ यांतला फरक पंचनाम्यात लिहावा लागतो. डबा १३ मिनिटं पुढे असेल आणि पडद्यावर २:४० दिसत असतील, तर घटना २:२७ ची आहे. चहाच्या टपरीवर २:४० ला असल्याचं सांगणारा संशयित या तेरा मिनिटांत अडकू शकतो, किंवा सुटूही शकतो. मॅनेजरकडून पेन ड्राइव्हमध्ये चित्रण घेऊन खिशात टाकणारा गुप्तहेर मात्र खटला बुडवतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत नसेल तर ते चित्रण कोर्टात उभं राहत नाही.

आणि लाइट गेली होती असं कोणी म्हणालं, तर ते तसंच मान्य करू नका. गुप्तहेराला महावितरणच्या उपकेंद्रावर पाठवा. तिथे कोणता फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावाकडे जाणारी वीजवाहिनी, किती वाजता बंद पडला आणि किती वाजता सुरू झाला, याची नोंद असते. फीडर चालू आणि फक्त बँकेत अंधार, म्हणजे कुणीतरी फ्यूज काढला. लाइनमनशी होणारं ते संभाषण लिहायला आम्ही तुम्हाला शिकवायची गरज नाही.

घटनास्थळी काय बिघडतं, तर गर्दी. पोलीस येण्याआधी अर्धं गाव आत येऊन जातं, शिपाई सवयीनं झाडून घेतो, मॅनेजर "हे बघा, इथून आले" म्हणत कडीला हात लावतो. मग ठसेतज्ज्ञ येतात आणि त्यांना आधी सगळ्या स्टाफचेच ठसे घ्यावे लागतात, वगळण्यासाठी. पावडर आणि सेलोटेपनं ठसा उचलता येतो तो काचेवरून, रंगवलेल्या लोखंडावरून. कागदावर ही पद्धत फारशी चालत नाही. नोटेवरचा किंवा रजिस्टरवरचा ठसा निनहायड्रिन नावाच्या रसायनानं जांभळा होऊन दिसतो, आणि ते काम प्रयोगशाळेतलं. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहेत. तुमचा गुप्तहेर नोटेवर टाल्कम पावडर फुंकत असेल तर त्याला शिंका येऊ द्या, ठसा नको.

श्वानपथकाचं तर आमच्या वर्तमानपत्रांतलं वाक्य ठरलेलं आहे: "श्वानाने महामार्गापर्यंत माग काढला व तेथेच घुटमळले." लोक हसतात, पण कुत्र्याचं काही चुकत नाही. चोर तिथून गाडीत बसले म्हणून वास तिथे संपतो. म्हणजे कुत्र्यानं गाडी उभी होती ती जागा दाखवली. समोरच्या ढाब्याचा कॅमेरा, टायरचे माग, रात्री तिथे थांबलेला ट्रकवाला, हे सगळं त्या घुटमळण्यातून निघतं. गॅस कटर वापरला असेल तर मागे सिलिंडर सापडतं, कारण ते जड असतं आणि पळताना कुणी नेत नाही. त्याच्या मानेवर क्रमांक, रिकामं वजन, चाचणीची तारीख कोरलेली असते. त्यावरून पुरवठादार आणि भाड्यानं नेणारा वर्कशॉपवाला शोधता येतो. कटरच्या धगीनं आतल्या नोटा करपतात, हेही विसरू नका. इतक्या मेहनतीनंतर राख हाती आलेले चोर, हा विनोद गुन्हे शाखेच्या माणसांना नवा नाही.

पळून जाण्याचा रस्ता नकाशा समोर ठेवून लिहा. लातूरला लूट करून पाच मिनिटांत समृद्धी महामार्गावर येणारी गाडी आम्ही पडद्यावर पाहावी अशी अपेक्षा ठेवू नका. समृद्धी जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो, लातूरला शिवतही नाही. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येतं, कुठे चढलात नि कुठे उतरलात यावर टोल लागतो, आणि मोटारसायकलला प्रवेशच नाही. चोराला लपायचं असेल तर त्याहून वाईट रस्ता नाही. उदगीरहून बीदरकडे, देगलूरहून तेलंगणाकडे, उमरग्याहून कर्नाटकाकडे जाणारे रस्ते आहेत, पाणंदी आहेत. सीमेपलीकडे गेलं की पोलीस ठाणं बदलतं, भाषा बदलते. मराठीत जाब विचारणारा गुप्तहेर आणि कन्नडमध्ये उत्तर देणारा पंक्चरवाला, मध्ये दखनीत दुभाषेपणा करणारं पोरगं, हे कुणी लिहिलेलं आम्हाला दिसलं नाही. आणि आमच्या माणसांच्या तोंडी कोल्हापुरी ठसका घालू नका. परभणीचा माणूस "काय करायलास?" असं विचारतो.

भागाचं नाव "दरोडा" ठेवता, तेव्हा चोर मोजा. भारतीय न्याय संहितेत कलम ३१० चा दरोडा होण्यासाठी पाच किंवा अधिक माणसं लागतात. त्याहून कमी असतील आणि धाक, मारहाण असेल तर कलम ३०९ ची जबरी चोरी. रात्री कुणी नसताना फोडून नेलं तर घरफोडी. आणि मदतीला हजर असलेला माणूसही मोजला जातो, हे कथेसाठी फार कामाचं. आत चार जण गेले आणि बाहेर एक जण भजी खात रस्त्यावर नजर ठेवून होता, तर तो पाचवा. चौघांचा वकील म्हणणार तो फक्त गिऱ्हाईक होता. भजीवाल्याच्या उधारीच्या वहीत त्या रात्री किती प्लेट लिहिल्या, यावर कलम ठरेल. एवढ्या एका प्रश्नावर पूर्ण भाग उभा राहतो.

सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे तुमचा गुप्तहेर आत शिरतो कसा? फौजदार त्याला सलाम ठोकून पंचनामा दाखवतो, असं होत नाही. खासगी गुप्तहेरांसाठी देशात वेगळा परवाना कायदा नाही. २००७ साली आलेलं विधेयक कायदा झालंच नाही. घटनास्थळी त्याचा अधिकार तुमच्या-आमच्याइतकाच. आमची सूचना अशी की त्याला विमा कंपनीचा सर्व्हेअर करा. बँकेच्या रोकडीचा विमा असतो, आणि दावा आला की सर्व्हेअर येतो. त्याला एफआयआरची प्रत, पंचनामा, कॅश बॅलन्स बुक, किल्ली रजिस्टर, सायरन दुरुस्तीची बिलं, सगळं मागता येतं. तो कुणाला अटक करू शकत नाही. पण दोन्ही किल्ल्या एका ड्रॉवरमध्ये होत्या असं निघालं, तर दाव्याचं भवितव्य त्याच्या अहवालावर. त्यामुळे मॅनेजर त्याला पोलिसांपेक्षा जास्त घाबरतो आणि सारखा चहा पाजतो. किरकिऱ्या, कागद चाटून वाचणारा माणूस तिथे शोभतो. त्याला ओढूनताणून विक्षिप्त करावं लागत नाही.

शेवटचा प्रसंग. सगळ्यांना शाखेत गोल बसवून गुप्तहेर बोट रोखतो, चोर रडत कबुली देतो, पोलीस निरीक्षक बेड्या घालतात. पोलिसांपुढे दिलेली ही कबुली साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. मात्र पोलीस कोठडीत आरोपीनं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या सापडण्याशी थेट जोडलेला भाग ग्राह्य धरतात. म्हणून खऱ्या तपासात रडण्यापेक्षा खणण्याला किंमत असते: दोन पंच घेऊन कडब्याच्या गंजीपर्यंत जाणं, आरोपीनं दाखवलेली जागा, तिथून निघालेली पिशवी, आतल्या गड्ड्या पंचांसमोर मोजणं. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रण करावं लागतं, बहुधा हवालदाराच्या मोबाइलवर. मोबाइलची जागा ऐनवेळी भरते, मग लेकीच्या वाढदिवसाचे व्हिडिओ पुसायचे की नाही यावर दोन मिनिटं खल होतो. पंच म्हणून आणलेला टपरीवाला विचारतो, दुकान कोण बघंल? पंच बँकेचा कर्मचारी नको, स्वतंत्र माणूस हवा, म्हणून त्यालाच थांबवतात. तो चतुःसीमा वाचून घेतो, पूर्वेस नामदेवचा गोठा लिहिलाय तो पश्चिमेस आहे म्हणून भांडतो, आणि त्याचंच बरोबर असतं. पंचनाम्यात दिशा चुकली तर बचाव पक्षाचा वकील साक्षीत त्याच ओळीवर बोट ठेवणार. शेवटचा क्लोजअप गुप्तहेराऐवजी या माणसाला द्या, खटला तोच वाचवतोय.

पटकथा तयार झाली की चित्रीकरणाआधी एकदा नोटांचा तक्ता, वार-तारीख आणि चोरांची संख्या एवढं तरी एखाद्या निवृत्त कॅशिअरला आणि एखाद्या निवृत्त फौजदाराला दाखवा. प्रत्येक तालुक्याच्या गावी असे दोघं सापडतात. मानधन नसलं तरी चालेल, पण सेटवर बोलावलंत तर तिजोरीचा दरवाजा थर्माकोलचा असल्याचं आवाजावरून कळू देऊ नका.

आपले,
मराठवाड्यातले काही निवृत्त कॅशिअर, शाखाधिकारी आणि पोलीस कर्मचारी